उताराला काना नसतो

मी भूगोलाचा शिक्षक आहे आणि माझ्या घरात गल्लीचं पाणी शिरतं. या दोन गोष्टींत हसण्यासारखं काहीही नाही. तरीही आमच्या गावात त्या एका दमात सांगितल्या की लोक हसतात. पाणी उताराकडे वाहतं हे मी ज्यांना वर्गात उभं करून पाठ करायला लावलं, तेच आता बाप्ये होऊन माझ्या दारात उभे राहतात आणि म्हणतात, "सर, पाणी खरंच उताराकडं वाहतंय की वो." मला याचा राग येतो. गेली काही वर्षं मला दुसरं काही येतच नाही.

आमचं गाव घाटनांदुरापासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच राहायचं आहे. गल्ली बंद आहे आणि शेवटचं घर माझं. दर निवडणुकीला या गल्लीत नवा सिमेंट रस्ता होतो. जुना रस्ता आधी उखडायचा असतो, हा विचार आमच्याकडे अजून पोचलेला नाही. जुन्यावर नवा, नव्यावर त्याहून नवा, असा तो चढत चाललाय. घर बांधलं तेव्हा मी पायऱ्या चढून दारात यायचो. आता रस्त्यावरून घरात उतरतो. नव्या पाहुण्यांना मी आधीच ओरडून सांगतो, "सांभाळून उतरा!" आणि ते वर बघतात.

गल्लीतल्या बाकीच्यांनी दर रस्त्याबरोबर आपापली घरं उचलली. समोरच्या अजिनाथची पिठाची गिरणी आहे. त्यानं दोनदा भर टाकून गिरणी एवढी वर नेली की दळण घेऊन चढताना बायका मध्ये थांबून दम खातात. त्याचा मला एकच सल्ला असतो.

"सर, कावून एवढं ताणून धरता? मुरूम टाका, फरशी वर घ्या न् मोकळे व्हा."

का टाकू? रस्ता वर आला तो त्यांच्या चुकीनं. गटाराचा उतार उलटा झाला तो त्यांच्या चुकीनं. आणि वर व्हायचं मी? असं करत गेलो तर निवृत्त होईपर्यंत माझं डोकं पत्र्याला लागेल. हा मुरमाचा प्रश्न नव्हता, तत्त्वाचा होता. तत्त्वाला ओल लागत नाही असं मी तेव्हा सत्यभामेला म्हणालो होतो. सत्यभामा माझी पत्नी. ती त्या वेळी टबानं बैठकीतलं पाणी उपसत होती.

पण तिचं खरं दुखणं पाण्याचं नव्हतंच. ते लिंबांचं होतं.

गल्लीच्या तोंडाशी तिवाटा आहे, तीन वाटा मिळतात तिथं. गावात कुणाचं लेकरू दूध पीत नसलं, कुणाच्या म्हशीला दृष्ट लागली, कुणाचा जावई रुसला, की भाताचा गोळा आणि कुंकू लावलेलं लिंबू त्याच्यावरून ओवाळतात आणि तिन्हीसांजेला तिवाट्यावर नेऊन ठेवतात. ठेवल्यावर मागं बघायचं नाही आणि घरी पोचेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. याला उतारा म्हणतात. साऱ्या गावाचे उतारे आमच्या तिवाट्यावर येतात, आणि पाऊस आला की ते सगळे तिथून निघून, गटारातून शिस्तीत, माझ्या बैठकीत येतात. एकदा मी वर्तमानपत्र वाचत बसलो असताना तीन लिंबं एकापाठोपाठ एक सोफ्याखाली गेली.

मी विज्ञान मानणारा माणूस, मला त्याचं काही नाही. सत्यभामेला होतं. शेवटी ती म्हणाली, "पाणी उपसीन मी. चिखल बी काढीन. पण लोकाची पीडा घरात घेनार न्हाई. आता एक जरी परकं लिंबू उंबऱ्याच्या आत आलं, तर मी माहेरी, कडा गावाला, भावाकडं चालले. मग बसा तुमी तुमच्या तत्त्वाजवळ."

ती बोलते ते करते. ती गेली तर आणायला मला जावं लागेल, आणि तिचा भाऊ मला जेवायला बसवून पाण्याचा निचरा समजावून सांगेल. त्यापेक्षा ग्रामपंचायत बरी, असं मला वाटलं. ही माझी पहिली चूक.

मी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला. विषय: गटाराचा उतार तपासून मिळणेबाबत. ग्रामसेवक हरिओम, ज्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, त्यांनी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मोठ्या आदरानं माझ्या हातात एक कागद ठेवला. तो माझ्या घराचा नमुना नंबर आठचा उतारा होता, म्हणजे ग्रामपंचायतीच्या दप्तरातल्या घराच्या नोंदीची नक्कल.

"हे काय?"

"उतारा. तुमीच मागितलता न्हवं?"

"भाऊसाहेब, मी उतार मागितला होता. उतार! गटाराचा!"

त्यांनी माझा अर्ज काढून नीट वाचला. मग समजूतदारपणे म्हणाले, "आमाला वाटलं काना राह्यला. एवढे मोठे सर, म्हनून आमी बोललो न्हाई. आमीच भरून घेतला."

त्यांनी खरोखरच निळ्या शाईनं माझ्या 'उतार'ला काना दिला होता! मी आयुष्यभर पोरांच्या वह्यांत काने, मात्रा, वेलांट्या सुधारल्या आणि आता माझाच अर्ज कुणीतरी सुधारून ठेवला होता. माझ्या कानशिलावर रक्त चढलं. मी टेबलावर हात आपटला, तर तिथं ओलं स्टॅम्पपॅड होतं. घरी जाईपर्यंत जांभळा तळवा खिशात लपवावा लागला.

उताराबद्दल भाऊसाहेबांचं मत पक्कं होतं. "कागदावर गटाराचा उतार तिवाट्याकडं हाय. तुमच्या घराकडं हाय म्हनता तर पुरावा द्या."

"माझ्या घरात पाणी येतं हा पुरावा नाही?"

"पानी काय, कुठून बी येतं."

पुण्यात माझा पुतण्या प्रविण कॉम्प्युटरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याला फोनवर हे सांगितलं तर आधी तो पोटभर हसला आणि मग म्हणाला, "काका, टेरेन करा. कॉम्प्युटरवर गल्लीची जमीन उभी करायची, वरून पाऊस पाडायचा, पाणी कुठं जातंय ते दिसतंच. तीन सॉफ्टवेअर पाठवतो, तिन्ही ताडून बघा." ताडून बघणं हा शब्द मला आवडला. शास्त्रीय वाटला. ही माझी दुसरी चूक.

पहिलं सॉफ्टवेअर खेळ बनवणाऱ्यांचं होतं. ते डोंगर करतं. तुम्ही नुसता हात फिरवा, डोंगर होतो. तुम्हाला डोंगर नको असला तरी होतो. मी गावाची उंची भरली. ते मीटर मागत होतं, मी फूट दिले. कुणाचीही चूक होईल. पण त्या सॉफ्टवेअरनं खुलासा न विचारता आमचं गाव तिप्पट वर नेलं आणि एका उंचीनंतर जे आपोआप पडतं ते पाडलं. बर्फ. आमच्या जिल्ह्यात बर्फ रसवंतीवर असतो, गोणपाटात गुंडाळलेला. इथं तो अजिनाथच्या गिरणीवर पडला होता आणि मागे देवदारांची रांग. मी बर्फ काढायला गेलो तर सूर्यास्त झाला. सूर्यास्त काढायला गेलो तर बाभळीच्या जागी हरणं आली.

त्याच वेळी अजिनाथ डोकावला. "हे काय, पीठ हाय का?"

"बर्फ आहे," मी दात खाऊन म्हणालो.

"आपल्या गिरनीवर? लई भारी दिसायलंय! सर, ह्याचं फ्लेक्स करू." आणि त्यानं माझ्या पाठीमागून मोबाईलवर फोटो काढला. तीन दिवसांनी गिरणीवर फ्लेक्स लागला. बर्फाच्छादित शिखरं, हरणं, आणि खाली 'येथे स्वच्छ दळण दळून मिळेल.' कोपऱ्यात बारीक अक्षरात 'सौजन्य: भूगोलाचे सर.' माझ्याच दारासमोर. रोज सकाळी दार उघडलं की तो हिमालय.

दुसरं सॉफ्टवेअर नकाशे करणाऱ्यांचं, गंभीर. त्यानं उघडल्याबरोबर मला विचारलं, प्रक्षेपण कोणतं? मी वीस वर्षं प्रक्षेपणं शिकवतोय. शंकू, दंडगोल, सगळी. मला उत्तर आलं नाही. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, विचारणारा मी होतो. अखेर आकाशातून मोजलेल्या उंचीचा फुकट नकाशा मिळाला. त्याचा एकेक चौकोन तीस मीटरांचा. सगळी गल्ली एकाच चौकोनात मावली. माझी बैठक, गिरणी, शेजारच्या केशरबाईंची चूल, तिवाटा आणि कोपऱ्यावरची सार्वजनिक मुतारी, सगळं एका उंचीला.

सत्यभामेनं त्या चौकोनावर बोट ठेवलं. "म्हंजे आपलं घर ह्याच्यात न्हाईच का?"

"आहे. सगळ्यांसारखंच आहे."

"मग पानी एकट्या आपल्यातच कावून येतं?"

मी लॅपटॉप मिटून ग्रामपंचायतीत नेला. भाऊसाहेबांना मात्र हे सॉफ्टवेअर फार आवडलं. "हे बगा, हे शासकीय वाटतं. सपाट. कुनाची तक्रारच न्हाई." त्यांनी ते कार्यालयात लावता येईल का, असंही विचारलं.

तिसऱ्यात उंची आपण स्वतः मोजून भरायची होती. बाकी ते हुशार. जमीन उभी करायचं, ढग आणायचं, पाणी सोडायचं. फुकट घेतल्यामुळे प्रत्येक चित्रावर आडवं 'चाचणी प्रत' उमटायचं, एवढंच. प्रविण म्हणाला, गवंडी वापरतात ती पाणी भरलेली नळी घ्या. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं, त्यावरून मोजा. मी नळीचं एक टोक धरलं, दुसरं अजिनाथला दिलं. दुसरं कुणी यायला तयार नव्हतं.

आमच्याकडे रस्त्यात कुणी काहीही मोजायला लागलं की एकच अर्थ होतो: रुंदीकरण, म्हणजे अतिक्रमण पडणार. आम्ही तिवाट्यावरून निघून तिसऱ्या घरापाशी येईतो पुढच्या घरांचे ओटे रिकामे झाले, पत्र्याची शेडं आत ओढली गेली आणि एका ओट्यावर घाईघाईनं तुळस आणून ठेवली गेली, म्हणजे पाडता येऊ नये. मी घसा ताणून सांगितलं, "बाबांनो, रुंदी नाही, उंची मोजतोय! कोण खाली आहे ते बघायचंय!"

हे सांगायला नको होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की खाली असलेल्या घरांना अनुदान आलंय. दुसऱ्या दिवशी केशरबाई पदर खोचून आल्या.

"सर, माझं घर तुमच्याहून खाली लिवा."

"केशरबाई, तुमचं घर वर आहे. नळी सांगते."

"वर राहून काय भेटलं मला आजपत्तर? एकट्या बाईचं जरा खाली घेतलं तर तुमचं काय जातंय?"

माझ्या घराच्या खाली जाण्यासाठी रांग लागली. आयुष्यात पहिल्यांदा लोकांना माझी जागा हवी होती, आणि मी तत्त्वानं ती सोडली नाही. त्यामुळे जे अजून माझ्याशी बोलत होते तेही बोलायचे बंद झाले. पारावर मात्र फक्त माझाच विषय. ज्यांनी माउस हातात धरलेला नाही त्यांच्यात तट पडले. गिरणीवाले म्हणाले डोंगरवालं चांगलं, त्यात गावाची शोभा आहे. भाऊसाहेबांकडचे म्हणाले नकाशावालं, ते निःपक्ष आहे. माझं ते फुकटवालं. कुणीतरी मला गंभीरपणे विचारलं, "सर, फुकटवाल्याचा कल कुनाकडं हाय?" मी म्हणालो, माझ्या घराकडं. तो म्हणाला, "मग ते तर सांगनारच."

शेवटी सरपंच विजयसिंहदादांनी निरोप पाठवला: ग्रामसभेत तिन्ही लावा, गाव बघंल.

ग्रामसभेला एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. डोंगरवाल्याला शिट्ट्या मिळाल्या. नकाशावाल्याला भाऊसाहेबांनी एकट्यानं मान डोलावली. मग मी माझं तिसरं लावलं. पडद्यावर आमची गल्ली होती, हुबेहूब. प्रत्येक ओटा, प्रत्येक उंबरा मी स्वतः मोजून भरलेला. मी ढग आणला. पाऊस पाडला. निळं पाणी तिवाट्यावर साचलं, थोडं घुटमळलं आणि गल्लीत वळलं. केशरबाईंच्या दारावरून, गिरणीच्या पायथ्यावरून ते सरळ आलं आणि माझ्या घरात शिरलं. घर भरलं. 'चाचणी प्रत'च्या खाली एक सुंदर निळं तळं झालं.

मी हात पडद्याकडे केला. "बघा! बघा आता! आणखी काही पुरावा पाहिजे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकलो.

विजयसिंहदादा उठले. "सर, मानलं तुमाला. आमाला आजवर वाटत हुतं की पान्याला जागाच न्हाई. आज कळलं की निसर्गानं जागा करूनच ठिवली हाय. नाला खोदायची गरजच न्हाई. खालच्या गल्लीचं गटार बी तिकडंच जोडून टाकू."

"दादा!" मी किंचाळलो. "ते माझं घर आहे! गटार चुकलंय हे मी दाखवतोय!"

"चुकलंय कसं? तुमच्याच कॉम्पुटरमधी पानी बिनतक्रार गेलं की."

"पाण्याची तक्रार नसते! तक्रार माझी आहे!"

पण तोवर शाल आली होती. माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, मी ओरडतोय तो फोटोही निघाला. फोटोत मी भाषण करतोय असं वाटतं. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि सूचक म्हणून माझं नाव लागलं. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब स्वतः घरी आले, सांभाळून उतरले आणि कागद पुढे केला. "ठरावाचा उतारा. घ्या सर, ह्या टायमाला काना बराबर हाय."

मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. मी शिक्षक आहे.

दोन दिवस मी जेवलो नाही. सत्यभामेनं बॅग माळ्यावरून खाली काढून ठेवली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुमाला दृष्ट लागली. अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या, दुसरं काय होनार? उतारा टाकू."

"मी विज्ञान मानतो."

"विज्ञानानं काय दिलं ते ठरावात लिवलंय. बसा पाटावर."

मी बसलो. तिनं भाताचा गोळा आणि लिंबू माझ्यावरून ओवाळलं, मग मांडीवरच्या लॅपटॉपवरून ओवाळलं. लिंबाला तिनं आडवं-उभं कुंकू लावलं होतं आणि वर हळदीचा ठिपका, तिच्या माहेरी लावतात तसा. "ठिवून या. मागं बगायचं न्हाई, बोलायचं न्हाई. तुमाला जमंल का, बोलायचं न्हाई म्हंजे?"

तिन्हीसांजेला मी, भूगोलाचा शिक्षक, हातात लिंबू घेऊन तिवाट्यावर गेलो. ठेवलं आणि वळलो. वळतो तोच अवकाळी आला. आमच्याकडे तो असाच येतो, पिकाला नको तेव्हा.

गिरणीच्या ओट्यावर अजिनाथ उभा होता. "काय सर, कुठं गेलतात पावसात?"

मी बोलू शकत नव्हतो.

"फुकटवालंच खरं निघालं बगा. मी तर पयल्यापासून तेच म्हनतोय."

हा माणूस पहिल्यापासून डोंगरवाल्याकडून होता! त्याच्या डोक्यावर हिमालयाचा फ्लेक्स फडफडत होता! माझ्या तोंडात एवढे शब्द गोळा झाले की गाल फुगले. केशरबाई दारातून म्हणाल्या, "सर, आता तर तळंच मंजूर झालं म्हनं तुमाला. नशीब लागतं." मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्या आत गेल्या. रागानं माझी पावलं जोरात पडत होती आणि गटार भरून पाणी रस्त्यावर आलं होतं.

घोट्याला काहीतरी लागलं. मागं बघायचं नव्हतं, म्हणून खाली बघितलं. लिंबू होतं. ते माझ्या बाजूनं पुढं गेलं, अजिबात न अडखळता, माझ्या सॉफ्टवेअरनं दाखवलं होतं तसं नेमक्या त्याच वळणानं. मी धावलो. माझ्या दारातली उंची मी स्वतः मोजलेली आहे, तिथं पाणी जोर धरतं. मी पोचायच्या आत ते उंबरा ओलांडून आत गेलं.

सत्यभामा टब घेऊन बैठकीत उभी होती. तिच्या मागं बॅग होती. पाणी तिच्या पायाशी आलं आणि लिंबू तिच्या पायाला लागून थांबलं. मी दारात भिजत उभा राहिलो. आता बोलायला परवानगी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला राग नव्हता, भीती होती. ही गेली तर या तळ्यात मी एकटा काय करणार होतो?

तिनं वाकून लिंबू उचललं. उजेडाला धरून फिरवून बघितलं. कुंकू धुऊन गेलं होतं, हळदीचा ठिपका राहिला होता.

"परकं न्हाई," ती म्हणाली. "आपलंच हाय."

तिनं पायानं बॅग कॉटखाली सरकवली आणि टब माझ्या हातात दिला.

"उपसा. न् सकाळी अजिनाथला मुरूम सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. म्हणताना मला पुन्हा राग आला होता, पण मी उपसायला लागलो.